घोडा दिसतो आहे, पुढे सांगा

मराठी वृत्तवाहिन्यांवर घोडा धावताना दिसण्याचे प्रसंग वर्षाकाठी मोजकेच. त्यांतला सर्वांत मोठा प्रसंग आषाढी एकादशीच्या आधीच्या दिवसांतला, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातील रिंगणाचा. दुसरा सारंगखेड्याच्या आणि आमच्या मराठवाड्यातील माळेगावच्या यात्रांमधल्या घोडेबाजाराचा. तिसरा बैलगाडा शर्यतींचा. पुणे जिल्ह्यातील घाटांत बैलांच्या पुढे घोडी धावते, म्हणून त्यालाही या यादीत स्थान द्यायला हरकत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर धावणारे घोडे मराठी पडद्यावर जवळजवळ येतच नाहीत. आलेच तर डर्बीच्या दिवशीच्या टोप्या आणि पोशाख येतात.

या सर्व प्रसंगी पडद्यावर घोड्याच्या बरोबरीने आणखी एक व्यक्ती असते. हातात माइक घेतलेला, धावत्या जनावराकडे पाठ आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असलेला निवेदक. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी, आणि ओघाने त्याला भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांविषयी आहे.

धावण्याचे निवेदन हा वाङ्मयप्रकार म्हणून पाहिला तर तो फार कठीण आहे. नाटकाचा प्रेक्षक थांबू शकतो, कादंबरीचा वाचक मागचे पान उलटू शकतो; शर्यत मात्र कोणासाठी थांबत नाही. इंडियन डर्बीचे अंतर २४०० मीटर. ते कापायला चांगल्या घोड्याला साधारण अडीच मिनिटे लागतात. एवढ्या वेळात दहा-पंधरा घोड्यांचा पुंजका एखाद्या ढगासारखा सरकत जातो आणि अननुभवी डोळ्याला त्यात फक्त पाय दिसतात. कोण मागून वर येत आहे, कोणाला आतल्या कठड्यापाशी कोंडले आहे, कोणत्या स्वाराने अजून लगाम धरून ठेवला आहे आणि कोणाच्या घोड्यात आता काही शिल्लक उरलेले नाही, हे सांगणारा कोणी नसेल तर त्या धावण्याला कथानकच राहत नाही. निवेदक त्या पुंजक्याला कथानक देतो. शब्द त्याचे असतात, पण घटना त्याची नसते. ही मर्यादा ज्याला कळली तो चांगला निवेदक.

आकाशवाणीच्या काळात या कलेची एक मराठी परंपरा होती. क्रिकेटचे मराठी समालोचन म्हटले की बाळ ज. पंडितांचे नाव आजही आधी आठवते. स्वतः मैदानात खेळलेला माणूस बोलत आहे, हे त्यांच्या आवाजावरून कळत असे. श्रोत्याला काहीच दिसत नसल्यामुळे तेथे सर्व काही सांगणे भाग होते: गोलंदाज कुठून निघाला, चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक किती पळाला. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि निवेदकाचे अर्धे काम चित्राने आपल्याकडे घेतले. खरे तर त्या दिवसापासून त्याने अर्धेच बोलायला हवे होते. उरलेले अर्धे म्हणजे जे चित्रात येत नाही ते: नाव, पूर्वपीठिका, कारण, धोका. आपल्याकडे झाले ते उलटेच. चित्र आले, पण आकाशवाणीची सवय सुटली नाही. आणि आकाशवाणीची मेहनत मात्र सुटली. ‘आपण पाहू शकता, अश्व धावत आहे,’ हे वाक्य आज सर्रास ऐकू येते. ज्याला ते ऐकवले जाते तो ते आधीपासूनच पाहत असतो.

मेहनत म्हणजे काय, यासाठी घोड्यांच्या शर्यतींचाच एक जुना दाखला देतो. इंग्लंडमधील ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत बीबीसीने १९६० पासून दूरचित्रवाणीवर दाखवायला सुरुवात केली. १९६७ सालच्या शर्यतीत तेविसाव्या अडथळ्यापाशी एक मोकाट घोडा आडवा आला आणि मागून येणारे जवळजवळ सर्व घोडे एकमेकांवर आदळले. स्वार पडले, घोडे उलटे फिरले, धुमश्चक्री झाली. त्या गोंधळातून बराच मागे राहिलेला एक घोडा वाट काढून पलीकडे गेला. त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता, म्हणजे त्याच्याकडून कोणालाच आशा नव्हती. त्या भागाचे समालोचन मायकेल ओ'हेहिर हे आयरिश समालोचक करीत होते. त्यांनी त्या चिखलात आणि पळापळीत क्षणार्धात नाव घेतले: फॉयनावन. शर्यतीत घोडा ओळखायचा तो स्वाराच्या अंगावरील सदऱ्याच्या रंगांवरून. ओ'हेहिर त्या दिवशी शर्यतीपूर्वी स्वारांच्या वजनाच्या खोलीत जाऊन सर्वांचे रंग पाहून आले होते. एक रंगसंगती ओळखता येईना तेव्हा त्या स्वारालाच विचारून आले होते. तो स्वार फॉयनावनचा निघाला. ज्याच्याविषयी कोणी विचारले नसते त्याच्याविषयी त्यांनी विचारून ठेवले होते, म्हणून ऐन वेळी त्यांच्यापाशी शब्द होता. पुढे त्या अडथळ्यालाही फॉयनावनचेच नाव मिळाले. उत्स्फूर्ततेचे आपल्याला फार कौतुक असते. ती उत्स्फूर्तता त्या दिवशी वजनाच्या खोलीत तयार झाली होती.

आपल्याकडे असा निवेदक मराठीत का घडला नाही? महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे, इंडियन डर्बी १९४३ पासूनची, पावसाळ्यात पुण्यात आणि हिवाळ्यात मुंबईत शर्यती होतात. म्हणजे घोडे मराठी मातीवरच धावत आले. पण त्या मैदानाची भाषा पहिल्यापासून इंग्रजी. मराठीत ‘रेस’ हा शब्द आला तोच मुळी ‘रेस-जुगार’ या जोडशब्दातून. ‘रेसला जातो’ हे एखाद्या माणसाचे वर्णन नसे, त्याच्यावरचा निकाल असे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. मराठी मध्यमवर्गाने मात्र आपला निकाल बदलला नाही. त्या नैतिक भूमिकेवर माझा आक्षेप नाही. घरे बुडालेली सर्वांनी पाहिली आहेत. परंतु तिचा एक भाषिक परिणाम झाला. शर्यतीतले कौशल्य पाहण्याची, त्याला नावे देण्याची गरज प्रमाण मराठीला कधी पडली नाही. म्हणून आज जेव्हा घोडा धावतो तेव्हा सुशिक्षित निवेदकापाशी ‘थरार’, ‘वेग’ आणि ‘वाऱ्याशी स्पर्धा’ यांपलीकडे काही नसते.

आता रिंगणाकडे येऊ. माउलींचा पालखीमार्ग आमच्या तुळजापुरातून जात नाही. गावातील, आसपासच्या खेड्यांतील माणसे दिंडीत जातात; बाकीचे आम्ही पडद्यावर पाहतो. चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण, माळशिरसजवळ पुरंदवडे-सदाशिवनगरचे गोल रिंगण ही नावे आता महाराष्ट्रभर पाठ झाली आहेत, याचे श्रेय दूरचित्रवाणीलाच द्यावे लागेल. पण ते दाखवताना जे बोलले जाते ते कान देऊन ऐकले की मन खट्टू होते. रिंगणात दोन अश्व असतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते. म्हणजे आपल्या डोळ्यांना रिकामी दिसते. त्यावर माउली बसलेली आहे ही वारकऱ्याची श्रद्धा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात, अंकलीपासून आळंदीपर्यंत चालत येतात. स्वाराचा अश्व पुढे, माउलींचा अश्व मागून. दौड झाली की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे वाकतात. मग उडीचा खेळ रंगतो.

या सोहळ्याचे वर्णन करताना ‘अखेर माउलींच्या अश्वाने बाजी मारली’ असे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. बाजी म्हणजे पैज. ती कोणी लावली होती? कोणाविरुद्ध? रिंगणात हरणारा अश्व नसतो. ज्या दौडीत हरणारा नाही तिला शर्यत म्हणणे हा केवळ चुकीचा शब्द नाही. त्या एका शब्दाने प्रेक्षकाची नजर बदलते. तो रिकाम्या पाठीकडे पाहायचे सोडून कोण पुढे आहे ते पाहू लागतो. पाहण्यासारखी गोष्ट होती ती रिकामी पाठ, आणि तीच कोणी दाखवून दिली नाही. भर म्हणून एकच संतवचन दर पाच मिनिटांनी उच्चारले जाते, आणि जेथे टाळ-पखवाजाचा आवाज यायला हवा तेथे निवेदकाचा आवाज येतो. वारीत संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. शांतता हा त्या परंपरेच्या व्याकरणाचाच भाग आहे. ज्या सोहळ्याला इतकी शिस्तबद्ध शांतता ठाऊक आहे, त्याच्या निवेदकाला पाच सेकंदही गप्प राहता येऊ नये, हा विरोधाभास जिव्हारी लागतो.

हा पंतोजीचा काटेकोरपणा आहे, सामान्य प्रेक्षकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तुळजापुरात राहणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. नवरात्रात कॅमेरे आमच्या दारात असतात. आमच्या देवीच्या निद्रा तीन: भाद्रपदातील घोर निद्रा, दसऱ्यानंतरची श्रम निद्रा आणि पौषातील मोह निद्रा. युद्धाआधीची झोप, युद्धानंतरची झोप, आणि तिसरी त्याहून वेगळी. या तीन विशेषणांत महिषासुराची सगळी कथा सामावलेली आहे. बाहेरून आलेला निवेदक ‘देवी आता विश्रांती घेणार आहे’ एवढेच म्हणून मोकळा होतो, तेव्हा त्याने काही खोटे सांगितलेले नसते; पण विशेषण गाळल्याने कथा गळालेली असते. फुलांची परडी विकणाऱ्या बाईला हा फरक कळतो. तेव्हा सामान्य प्रेक्षकाला कळत नाही, ही सबब निवेदकाने आपल्या सोयीसाठी शोधून काढलेली आहे.

घोड्याच्या बाबतीत तर मराठी भाषा दरिद्री म्हणावी अशी मुळीच नाही. ज्या भाषेचे राज्य घोड्याच्या पाठीवरून चालले तिला हे शब्द नसते तरच नवल. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) उघडून बसावे. कुमाईत, अबलख, सब्जा हे रंग. दुडकी, चौखूर या चाली. दुडकी म्हणजे ज्या चालीत स्वार वरखाली होतो ती. चौखूर म्हणजे भरधाव. ‘घोडा वेगात धावत आहे’ या वाक्यात यांपैकी काहीच नाही. हे शब्द केवळ कोशात आहेत असेही नाही. लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत, किंवा तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, व्यापाऱ्यांशी अर्धा तास बोलावे. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरे असलेला; देवमण हे अंगावरील भोवऱ्याचे शुभलक्षण; नुकरा म्हणजे पांढराशुभ्र. दर घोड्यामागे एक परीक्षण, दर परीक्षणामागे एक शब्द. वाहिनीवर मात्र त्या बाजारातून दरवर्षी एकच बातमी येते: सर्वांत महाग घोड्याची किंमत. त्या घोड्यात असे काय आहे की ती किंमत पडावी, हे विचारण्यापूर्वीच बातमी संपते.

बैलगाड्यांच्या घाटांत ही भाषा आजही बोलली जाते, आणि तीही माइकवरून. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. जनावरांच्या छळाचा प्रश्न खरा आहे; परवानगीला जोडलेल्या अटी काटेकोरपणे पाळल्या गेल्याच पाहिजेत. येथे सांगायचे आहे ते एवढेच, की त्या सात-साडेसात वर्षांत गाड्यांबरोबर एक बोलीही थांबली होती, आणि गाडे पुन्हा सुरू होताच ती जशीच्या तशी बाहेर आली.

ती मला ऐकायला मिळाली आमच्याच एका विद्यार्थ्याकडून. मूळचा पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला, आजोळी राहून आमच्याकडे एम.ए. करणारा मुलगा. यात्रांच्या हंगामात तो चार-चार दिवस वर्गातून गायब होई. चौकशी केली तेव्हा कळले, की तो घाटात माइकवर असतो. त्याने मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकवले. गाडा जुंपला जात असतानाच तो सांगत होता, की पुढच्या जोडीला म्हणजे जुकाटाला कोणाचे बैल आहेत, मागे धुरेला कोणाचे, पुढे घोडी कोणाची, मागच्या यात्रेत हीच बारी किती सेकंदांत बसली होती आणि आज डावीकडचा बैल पहिल्यांदाच या घाटात येत आहे म्हणून काय होऊ शकते. निशाण पडल्यावर मात्र त्याचा आवाज तुटक झाला. दोन-दोन शब्द, मग एक लांब ‘भिर्रर्र’, आणि शेवटच्या टप्प्यात तो चक्क गप्प. फक्त चाकांचा आणि लोकांचा आवाज. गाडा निशाणापार गेल्यावर त्याने एकच गोष्ट सांगितली: सेकंद. मी त्याला विचारले, ‘शेवटी गप्प का झालास?’ तो म्हणाला, ‘सर, तेव्हा मालकाला त्याच्या बैलाकडं बघायचं असतं. आपण मधी कशाला?’

निवेदनशास्त्रावर याहून नेमके वाक्य मी कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही. बैल हातातल्या यादीवरून ओळखायचा नाही. शिंगांवरून, रंगावरून, मान टाकण्याच्या ढबीवरून ओळखायचा. ओ'हेहिर वजनाच्या खोलीत जे करून आले, ते हा मुलगा गोठ्यागोठ्यांतून हिंडून करीत होता. पुढे त्याने एका वाहिनीकडे वार्ताहराच्या जागेसाठी अर्ज केला आणि हेच ध्वनिमुद्रण जोडले. मुलाखतीत त्याला सांगण्यात आले, की आवाज चांगला आहे, पण हे शब्द प्रेक्षकांना कळणार नाहीत. भाषा प्रमाण करा आणि थोडा थरार आणा. जागा मिळाली नाही. आता तो यात्रांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळींबरोबर काम करतो, आणि घाटापर्यंत येऊ न शकणारे म्हातारे, नोकरीसाठी परगावी गेलेले, त्याच न कळणाऱ्या शब्दांसाठी ते लावून बसतात.

येथे वार्ताहरांच्या बाजूने दोन शब्द बोलले पाहिजेत. एकाच माणसाने सकाळी अपघात, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी रिंगण आणि रात्री राजकीय सभा सांगायची, अशी ही नोकरी आहे. कानात मुंबईच्या स्टुडिओतून सतत प्रश्न येतो: ‘तिथलं वातावरण कसं आहे?’ त्याला उत्तर देईपर्यंत अश्वाची एक फेरी होऊन गेलेली असते. गप्प राहिला तर त्याला काम येत नाही असे समजले जाते. तरीही मी एकदा एका तरुण वार्ताहर मुलीला रिंगण सुरू होताच माइक स्वतःच्या तोंडापासून काढून टाळांकडे धरताना पाहिले आहे. तिने दौड संपेपर्यंत तो तसाच धरला. वरिष्ठांनी तिला काय म्हटले असेल कोण जाणे. मी मात्र त्या वर्षीचे रिंगण प्रथमच ऐकले.

दोष शेवटी कुठे तरी आपल्या वर्गापर्यंत येतो. पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘प्रसारमाध्यमांसाठी मराठी’ आली, हे चांगले झाले. पण बाजारातील मार्गदर्शिकांत ‘निवेदकाचे गुण’ या प्रश्नाचे ठरावीक उत्तर पाहावे: स्पष्ट उच्चार, प्रसन्न व्यक्तिमत्त्व, आत्मविश्वास, समयसूचकता, भाषेवर प्रभुत्व. या यादीत ‘विषयाचे ज्ञान’ असलेच तर शेवटी असते आणि ‘मौन’ तर नसतेच. भाषेवर प्रभुत्व म्हणजे कशावर, हेही कोणी विचारत नाही. वस्तूवाचून भाषा असते, असा त्या उत्तरामागचा समज आहे. विद्यार्थी त्या समजाला गुण मिळवतात आणि तोच घेऊन वाहिन्यांत जातात.

यावर मोठा उपाय माझ्यापाशी नाही, लहान आहे. आमच्या विभागात गेल्या दोन वर्षांपासून माध्यमलेखनाच्या अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एक प्रात्यक्षिक ठेवतो. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एखादी हालचाल निवडायची: कुस्ती, पोहणे, गाडा, मळणी, लेझीम. तिच्यातील जाणत्या माणसाकडून वीस शब्द गोळा करायचे. मग तिचे तीन मिनिटांचे चित्रण वर्गात आवाज बंद करून दाखवायचे आणि त्यावर बोलायचे. नियम एकच: जे सर्वांना दिसत आहे ते उच्चारले की एक गुण वजा. पहिल्या वर्षी बहुतेकांचे गुण पहिल्याच मिनिटात संपले. दुसऱ्या वर्षी मुले थांबू लागली, कारण दिसत नसलेली गोष्ट सांगायची तर ती आधी विचारून यावी लागते. एका मुलीने आजोबांकडून गुऱ्हाळाचे शब्द आणले आणि तीन मिनिटांत जेमतेम दहा वाक्ये बोलली. त्यातील एकही वाक्य वर्गातील कोणाला आधी माहीत नव्हते.

यांपैकी कोणी उद्या वाहिनीत जाईल, कोणी जाणार नाही. जाईल त्याच्याकडून माझी अपेक्षा माफक आहे. पुढच्या आषाढात पुरंदवड्याच्या मैदानावर तो उभा असेल, तेव्हा त्याने आदल्या दिवशी चोपदारांना आणि अश्वांबरोबर चालणाऱ्या माणसांना भेटलेले असावे. रिकाम्या पाठीविषयी दौडीच्या आधी दोन वाक्ये सांगावीत. आणि अश्व सुटले, की माइक टापांकडे धरावा.